खुब्याचा अस्थिभंग : ज्येष्ठांची शुश्रूषा आणि आपले कर्तव्य

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त श्रावक-श्राविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी ज्या पिढीने या न्यासाची पायाभरणी केली, त्या पिढीतील मंडळींनी आज ऐंशी-नव्वदीचा उंबरठा गाठला आहे. महोत्सवाच्या निमित्ताने आपण त्यांना शाल-श्रीफळ अर्पण करतो, त्यांचे आशीर्वाद घेतो. ते योग्यच आहे. परंतु याच पिढीवर एक संकट नेहमी घोंगावत असते आणि त्याविषयी आपण घराघरांत फारसे बोलत नाही. ते संकट म्हणजे पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडणे. आजच्या व्याख्यानासाठी हाच विषय निवडला, कारण या आजारात डॉक्टरांच्या कौशल्याइतकाच घरातील माणसांचा पहिल्या दिवशीचा निर्णय आणि पुढच्या तीन महिन्यांची सेवा महत्त्वाची ठरते.

तरुण माणसाचे हाड मोडण्यासाठी मोठा अपघात व्हावा लागतो. वृद्धांचे तसे नाही. शहाबादी फरशीवर पाण्याचा एक ओघळ, रात्री लघवीला उठताना आलेली चक्कर, पायात अडकलेले साडीचे निऱ्यांचे टोक, एवढे निमित्त पुरते. वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यानंतर ही झीज वेगाने होते, म्हणून खुब्याच्या अस्थिभंगात आजी-आईंची संख्या अधिक दिसते. मांडीचे हाड ज्या ठिकाणी कमरेच्या खोबणीत बसते, त्या गोलाच्या खालची अरुंद मान किंवा त्याखालचा रुंद भाग मोडतो. मान मोडली तर हाडाच्या गोलाला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्याही बहुधा तुटतात. अशा वेळी हाड सरकलेले असेल तर ते जुळवून फारसा उपयोग होत नाही. गोल काढून तेथे कृत्रिम गोल किंवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसवावा लागतो. मानेखालचा भाग मोडला तर रक्तपुरवठा शाबूत असतो, म्हणून सळई किंवा पट्टी आणि स्क्रू घालून हाड पक्के करतात. क्ष-किरण चित्रावरून कोणता प्रकार आहे हे ठरते.

पहिल्या काही तासांत काय करावे

वृद्ध व्यक्ती पडली, जांघेत वेदना आहेत, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले आहे आणि उभे राहता येत नाही, ही लक्षणे दिसली की खुब्याचे हाड मोडले असे समजून चालावे. क्वचित हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसतात आणि रुग्ण लंगडत चार पावले चालतोही. म्हणून "चालता येते म्हणजे हाड मोडलेले नाही" असा निष्कर्ष काढू नये. कधी कधी पहिल्या क्ष-किरण चित्रातही भेग दिसत नाही. वेदना कायम राहिल्यास पुन्हा दाखवावे, सी.टी. किंवा एम.आर.आय. तपासणीत ती सापडते.

आपला जिल्हा हळदीचा. मुका मार लागला की हळदीचा लेप लावावयाचा, ही आपल्या घरांतील रीत. मुक्या माराला लेप लावावा, त्यास हरकत नाही. पण खुब्याचे हाड लेपाने, मालिशीने अथवा ओढून-ताणून बसवल्याने जुळत नाही. उलट हलवाहलवीने तुकडे आणखी सरकतात आणि आतला रक्तस्राव वाढतो. रुग्णाला उठवून बसवू नये. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून पाय सैलसर बांधावेत, चादरीवर किंवा फळीवर आडवेच उचलावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सोबत चालू औषधांची पिशवी, जुने कागद, चष्मा आणि श्रवणयंत्र न विसरता घ्यावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन आपला जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरही दीर्घकाळ मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नांदेडची वाट धरणे हाच आपला परिपाठ होता. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची बाब आहे. तरीही सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील खेड्यातून निघालेल्या रुग्णाचा पहिला दिवस प्रवासात आणि धावपळीत जातो. अशा कुटुंबांनी धीर सोडू नये. भारतासह सतरा देशांतील सुमारे तीन हजार रुग्णांचा एक अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि सुमारे चोवीस तासांनी झालेले, या दोन गटांतील मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना मानसिक गोंधळाचा त्रास कमी झाला आणि ते लवकर उठून उभे राहिले. तात्पर्य असे की एक रात्र गेली म्हणून सर्व गेले असे नाही. पण "बघू चार-आठ दिवस" म्हणणे घातक आहे. ३६ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी, हे आज सर्वत्र मान्य झालेले उद्दिष्ट आहे.

"आता या वयात कशाला?"

या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे आता वळतो. रुग्णालयाच्या ओसरीत नातेवाइकांची बैठक बसते आणि कोणीतरी म्हणते, "वय झाले, आता ऑपरेशनचा त्रास कशाला? घरी नेऊ, पडल्या पडल्या नमोकार ऐकतील." बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु शस्त्रक्रियेविना घरी नेल्यावर प्रत्यक्षात काय घडते, हे त्याने पाहिलेले नसते.

मोडलेल्या हाडाची टोके प्रत्येक हालचालीत घासतात. कूस बदलताना, कपडे बदलताना, मलमूत्राच्या वेळी रुग्ण कळवळतो. वेदनेच्या भीतीने तो हलत नाही. हालचाल थांबली की फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात, पाठीला व टाचांना जखमा होतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो. या मार्गाने जाणाऱ्या रुग्णाला शांतपणे नमोकार ऐकण्याचे भाग्यही लाभत नाही. वेदना आणि भ्रम त्याचे चित्त स्थिर राहू देत नाहीत.

शस्त्रक्रियेत धोका नाही, असे मी म्हणणार नाही. खुब्याचा अस्थिभंग झालेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्के रुग्ण वर्षभरात दगावतात, हा जगभरचा अनुभव आहे, आणि त्यात शस्त्रक्रिया झालेलेही असतात. त्यामागे हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि मुळातील अशक्तपणा असतो. तरीही अंथरुणाला खिळण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्याहून बहुतेक रुग्णांत मोठाच असतो. कमरेखालचा भाग बधिर करूनही ही शस्त्रक्रिया होते, त्यामुळे "भूल सोसणार नाही" ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी ठरते. ज्याचे आयुष्य दुसऱ्या असाध्य आजाराने अगदी थोडे उरले आहे, अशा मोजक्या रुग्णांत डॉक्टर स्वतःच शस्त्रक्रिया टाळून वेदनाशमनाचा सल्ला देतात.

वय हे एकटे कारण पुरेसे नाही, याची दोन उदाहरणे सांगतो. इंग्लंडची राजमाता एलिझाबेथ हिचा खुबा जानेवारी १९९८ मध्ये मोडला, तेव्हा तिचे वय ९७ होते. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ती चार वर्षांहून अधिक काळ जगली. मार्च २००२ मध्ये १०१ व्या वर्षी तिचे निधन झाले. दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. तेलंगणाचे माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री राहत्या ठिकाणी स्नानगृहात पडले आणि त्यांचा डावा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी हैदराबादेत सांध्याचे रोपण झाले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना वॉकर धरून चालवले. १ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी आमदारकीची शपथ घेतली. त्यांचे वय सत्तरच्या आत होते आणि सुविधा उत्तम होत्या, हे खरे. पण क्रम ध्यानात घ्यावा : पडणे, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, तिसऱ्या दिवशी पाऊल. हाच क्रम सामान्य माणसालाही हितकर आहे.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्या समाजात सल्लेखनेविषयी नितांत आदर आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु खुबा मोडला की घरातल्यांनी परस्पर "आता व्रत देऊ या" असे बोलू लागणे, हा त्या व्रताचा सन्मान नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगताना उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग यांचा उल्लेख केला आहे. पण त्याला 'निःप्रतिकार' अशी अट जोडली आहे. म्हणजे ज्यावर उपाय उरलेला नाही असे संकट. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली आपल्याच मराठवाड्यातील कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, ती दृष्टी क्षीण होत जाऊन जीवरक्षेचे व्रत पाळणे अशक्य होऊ लागले तेव्हा. पूर्ण विचारांती, स्वतःच्या निर्णयाने. १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांची समाधी झाली. खुब्याचा अस्थिभंग हा आज निःप्रतिकार रोग नाही. त्यावर उपाय आहे आणि तो दोन दिवसांत करावयाचा आहे. वेदनेने व्याकूळ, अर्धवट शुद्धीतील आईच्या वतीने मुलांनी व्रताचा निर्णय घेणे आगमालाही धरून नाही. सर्व समजून-उमजून, शुद्धीत असताना एखाद्या ज्येष्ठांनी शस्त्रक्रिया नाकारली, तर तो त्यांचा अधिकार आहे. तेव्हाही वेदनाशमन, कूस बदलणे आणि त्वचेची निगा यांत कसूर होता कामा नये.

उठवणे हेच वैयावृत्त्य

अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. रुग्णाची सेवा म्हणजे त्याला निजवून ठेवणे, अंथरुणातच सर्व काही हातात देणे, असे आपण समजतो. खुब्याच्या रुग्णाबाबत याउलट करावयाचे असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच दिवशी त्यास पलंगाच्या कडेवर बसवणे, वॉकर धरून उभे करणे आणि जमेल तितकी पावले टाकायला लावणे, ही खरी सेवा होय. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मोडलेल्या पायावर भार देता येतो. दुखेल म्हणून थांबू नये. वेदनाशामक औषध अर्धा-पाऊण तास आधी देऊन चालवावे.

पहिल्या दोन-तीन रात्री रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, नळ्या ओढतो, मुलांना ओळखत नाही. घरचे घाबरतात. याला 'डेलिरियम' म्हणतात. जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता, वेदना, तुंबलेली लघवी किंवा एखादे औषध हे कारण असू शकते, म्हणून डॉक्टरांना तत्काळ सांगावे. बहुधा हा भ्रम काही दिवसांत निवळतो. चष्मा व श्रवणयंत्र लावून द्यावे, दिवसा खिडकी उघडी ठेवावी, ओळखीचे माणूस जवळ बसावे. रोजचे स्तवन हळू आवाजात म्हटले तर त्या परिचित स्वरांचा आधार वाटतो.

घरी आल्यावरचे वेळापत्रक साधारण असे असते. सहा आठवडे वॉकर, पुढे तीन महिन्यांपर्यंत काठी, आणि वर्षभर हळूहळू होणारी सुधारणा. सुमारे निम्म्या रुग्णांना पूर्वीसारखे चालता येत नाही, हेही आधीच माहीत असावे. पण घरातल्या घरात स्वतः उठणे, शौचाला जाणे, मंदिराच्या पायरीपर्यंत पोहोचणे, एवढे साधले तरी माणसाचा स्वाभिमान टिकतो. कृत्रिम सांधा बसवला असेल तर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे आणि बसक्या शौचालयाचा वापर डॉक्टर सांगेपर्यंत टाळावा, नाहीतर सांधा निखळू शकतो. सामायिकासाठी खुर्ची घ्यावी. अठ्ठेचाळीस मिनिटांची स्थिरता खुर्चीवरही साधते.

आहार, व्रते आणि औषधे

पायांच्या स्नायूंची शक्ती परत यायची तर प्रथिने हवीत. पन्नास किलो वजनाच्या वृद्धास दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूग, तूर, हरभरा, दूध, ताक, पनीर, शेंगदाणे यांतून ती मिळतात. मात्र दोन घास वरण-भातावर भागत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी दिवसाच्या उजेडात चार वेळा थोडे थोडे खावे. या तीन महिन्यांत एकासन-उपवास करावेत की नाही, हे गुरुजनांना व डॉक्टरांना एकत्र विचारावे.

रात्री पाणीही न घेण्याचा नियम असेल तर तो दाखल होतानाच सांगावा. सायंकाळी सहानंतर पाणी नाही आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, असे झाले तर अठरा तास घशाखाली थेंब जात नाही. वृद्धांत याने रक्तदाब घसरतो आणि भ्रम वाढतो. पूर्वसूचना असेल तर शिरेवाटे सलाईन देऊन डॉक्टर ही उणीव भरून काढतात.

अहिंसेच्या दृष्टीने काही औषधांची माहिती असावी. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे हेपारिन वर्गातील इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून तयार होते. कॅल्शियमच्या काही गोळ्या शिंपल्यांपासून बनतात आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या काही कॅप्सूलांवर जिलेटिनचे आवरण असते. या सर्वांना पर्याय उपलब्ध आहेत : गुठळ्यांसाठी कृत्रिमरीत्या बनवलेले इंजेक्शन किंवा तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या, कॅल्शियमसाठी सायट्रेट, 'ड' जीवनसत्त्वासाठी भुकटीच्या पुड्या. पर्याय कोणास चालेल हे डॉक्टर ठरवतील. आपण आधी विचारावे. नंतर कळले म्हणून औषध मध्येच बंद करू नये, कारण गुठळी प्राणघातक ठरू शकते.

एकदा खुबा मोडला की दुसरा मोडण्याचा संभव वाढतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचे वार्षिक इंजेक्शन सुरू केलेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. तरीही सळई बसली, टाके निघाले की उपचार संपले असे समजून आपण ठिसूळ हाडांकडे पाठ फिरवतो. टाके काढण्याच्या दिवशी डॉक्टरांना अवश्य विचारावे, "हाडे बळकट होण्यासाठी काय द्याल?" मूत्रपिंड, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व तपासून ते योग्य औषध ठरवतील.

घर, मंदिर आणि न्यास

ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून चालावे, असे सांगितले आहे. जीवरक्षेचा हा नियम चालणाऱ्याचेही रक्षण करतो. पण त्यासाठी जमीन दिसली पाहिजे. मोतीबिंदू पिकण्याची वाट न पाहता काढावा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी, खाली न घसरणारी फरशी, सरकणारी पायपुसणी हद्दपार. झोपेची गोळी शक्यतो टाळावी. रात्री उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसावे, मग उभे राहावे.

भाद्रपदातील दशलक्षण पर्वात विशेष सावधगिरी बाळगावी. पावसाळ्याची ओल, अभिषेकानंतर गाभाऱ्याबाहेर आलेले पाणी, गुळगुळीत संगमरवर, अनवाणी पाय आणि उपवासाने आलेली अशक्तता, हे सारे त्या दहा दिवसांत एकत्र येते. शिरड शहापूरच्या भगवान मल्लिनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंनीही आपल्या वृद्धांना गर्दीच्या वेळी पायऱ्यांवर एकटे सोडू नये.

खर्चाविषयी थोडे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्याद्वारे योजनेतील रुग्णालयांत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. हे कार्ड पडण्याआधी काढून ठेवावे. अपघाताच्या रात्री आधार कार्ड शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

विश्वस्त मंडळास शेवटी तीन नम्र विनंत्या आहेत. मंदिराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे बसवावेत आणि अभिषेकानंतर फरशी कोरडी करण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नेमून द्यावी. सभामंडपात ज्येष्ठांसाठी हातांच्या खुर्च्या सदैव ठेवाव्यात. खुर्चीवर बसण्यात अविनय नाही, हे मंडळानेच एकदा जाहीर केले तर वृद्धांचा संकोच जाईल. आणि वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी, काठ्या यांचा संग्रह करून तो गरजूंना विनामूल्य वापरायला द्यावा. या वस्तू प्रत्येक घराला तीन-चार महिनेच लागतात, नंतर त्या माळ्यावर पडून राहतात. चार दानांत औषधदानाला जे स्थान आहे, तेच या संग्रहालाही शोभेल. ज्यांच्या घरी अशा वस्तू वापराविना पडून असतील, त्यांनी आजच न्यासाच्या कार्यालयात नाव नोंदवावे.

 आपल्या सर्व ज्येष्ठांना स्वतःच्या पायांनी जिनमंदिरात येण्याचे सामर्थ्य दीर्घकाळ लाभो, अशी जिनचरणी प्रार्थना करून थांबतो.

जय जिनेंद्र.